मीटरच्या पुढचं

छपरावर पडणारं पावसाचं पाणी आमच्या आवारातून नुसतं वाहून जायचं. ते जमिनीत मुरावं म्हणून घरामागे शोषखड्डा घ्यायचा आणि छपराच्या पन्हळींपासून तिथपर्यंत चर खणून पाइप टाकायचा, असं ठरलं. खड्डा दीड मीटर खोल, चर अर्धा मीटर. खोदकाम करणारे दादा जागा बघायला आले. पावलांनी अंतर मोजलं, लहान मशिन आत येईल का ते पाहिलं आणि मग विचारलं, "ताई, खाली काय काय गेलंय?"

पाण्याचा नळ, सांडपाण्याचा पाइप, पंपाची केबल, अशी मी नावं घेतली. "कुठून?" या त्यांच्या पुढच्या प्रश्नाला मात्र घरात कुणाकडेच नेमकं उत्तर नव्हतं. ते म्हणाले, "मग आधी ते शोधून काढा. मशिन मी नंतर आणतो." हातात आलेलं काम थांबवून असं सांगणारा माणूस भेटला, याचं मोल मला पुढे रोज जाणवत गेलं.

घरगुती लाइनी जमिनीत फार खोल नसतात. मोठं धरण बांधायला निघालेल्या माणसाला जेवढी काळजी घ्यावी लागते, तेवढीच गुलाबाचं रोप लावणाऱ्यालाही घ्यावी लागू शकते, कारण साधारण अर्धा मीटर हीच बऱ्याचदा केबल आणि नळ यांची खोली. चालू केबलवर पहार बसली की माणूस नुसत्या झटक्याने जखमी होतो असं नाही. ठिणगीचा स्फोट होऊन हात, तोंड आणि डोळे भाजतात. गॅसच्या पाइपाचं तर आणखी वेगळं आहे. तो लगेच फुटायलाच हवा असं नाही. बेल्जियममध्ये गिलंगियां या गावाजवळ ३० जुलै २००४ रोजी जमिनीखालच्या उच्च दाबाच्या गॅसवाहिनीचा स्फोट झाला आणि २४ माणसं गेली. त्या वाहिनीला बांधकामाच्या यंत्राचा घाव आधीच बसलेला होता. पाइप तेव्हा फुटला नाही. पुढे दाब वाढवला गेला तेव्हा फुटला. घरचा पाइप त्या मानाने फारच लहान, दाबही कमी. तरी घाव बसला आणि काही झालं नाही, म्हणून वर माती ओढून मोकळं होणं किती घातक असतं, ते या एका घटनेवरून कळतं. आमच्या कामाच्या सुरुवातीलाच मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं: ओरखडा दिसला तरी काम थांबवायचं आणि ज्याची लाइन त्याला कळवायचं.

पहिला टप्पा सोपा होता. खोदण्याआधी कळवायचं आणि लाइनींच्या मालकांनी येऊन खुणा करायच्या, ही पद्धत आता बऱ्याच देशांत रुळली आहे. अमेरिकेत २००७ पासून त्यासाठी ८११ हा एकच क्रमांक देशभर चालतो. भारतात २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप सुरू झालं. खोदणारा आणि जमिनीखालच्या लाइनींचा मालक यांची त्यातून गाठ घालून दिली जाते. जिथे असा एक दरवाजा नसेल तिथे वीज, पाणी, गॅस, सांडपाणी आणि टेलिफोन-इंटरनेट या सगळ्यांना वेगवेगळं गाठावं लागतं. कळवताना फक्त पत्ता देऊन भागत नाही. नेमकं कुठे आणि किती खोल खणणार, ते सांगावं लागतं. मी खड्ड्याची आणि चराची जागा चुन्याने आखून ठेवली. पांढरी खूण म्हणजे 'इथे खोदायचं आहे', असा संकेत अमेरिकेतल्या रंगपद्धतीतही आहे. तिथे विजेला लाल, गॅसला पिवळा, टेलिफोन आणि इंटरनेटला नारिंगी, पिण्याच्या पाण्याला निळा, सांडपाण्याला हिरवा, असे रंग ठरलेले आहेत. सगळ्या जगात हेच रंग चालतात असं नाही, म्हणून खुणा करणाऱ्यालाच विचारून घ्यावं.

माणसं आली, यंत्रं फिरवली, रस्त्यापासून आत खुणा केल्या. गॅसची पिवळी रेघ एका बाजूच्या भिंतीच्या कडेने मीटरपाशी येऊन थांबली. पाण्याची निळी रेघ पाण्याच्या मीटरपाशी थांबली, विजेची लाल रेघ मीटरच्या पेटीखाली. आमची पांढरी आखणी होती घराच्या मागे, आणि तिथे एकही रंगीत रेघ आली नाही. मी विचारलं, "म्हणजे मागे काही नाही?" खुणा करणारा मुलगा शांतपणे म्हणाला, "मीटरच्या पुढचं तुमचं आहे ताई. ते आमच्या नकाशात नसतं."

या एका वाक्यासाठी मी हा सगळा अनुभव लिहिते आहे. कचेरीत कळवलं, माणसं येऊन गेली, आवारात रंग दिसले, की आपल्याला वाटतं झालं, आता खणायला हरकत नाही. खरं तर त्या रेघा फक्त त्यांची मालकी जिथे संपते तिथपर्यंत असतात. पंपाची केबल, बागेतला नळ, फाटकावरचा दिवा, मागच्या शेडची वायर, वरच्या टाकीला जाणारा पाइप, घरातून चेंबरपर्यंतची मोरी, हे सारं घरच्या माणसांनी आपापल्या गरजेने, आपापल्या वायरमन-प्लंबरकडून घालून घेतलेलं असतं. त्याचा कागद कुठल्याच कचेरीत नसतो. खोली ठरवलेली नसते, वर विटा किंवा धोक्याची पट्टी टाकलेली असेलच असं नाही. आणि घरमालक खणतो तो बहुतेक वेळा नेमका याच भागात.

मग मी घरातला कागद शोधायला लागले. घर बांधतानाचा नकाशा निघाला. त्यात भिंती, दारं-खिडक्या आणि सेप्टिक टाकी होती, जमिनीखालची एकही केबल नव्हती. जुन्या बिलांचा गठ्ठा मात्र उपयोगी पडला. वायरमनच्या एका बिलावर केबलचे मीटर लिहिलेले होते. पेटीपासून पंपापर्यंतचं सरळ अंतर त्याहून बरंच कमी भरत होतं. म्हणजे केबल सरळ गेलेली नाही, कुठेतरी वळसा आहे, एवढं तेव्हाच कळलं.

सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. घर त्यांनीच उभं केलेलं. त्यांना घेऊन आवारात फिरले. "अण्णा, पंपाची केबल टाकली तेव्हा इथे काय होतं?" असं विचारलं की त्यांना आठवायचं, "केबल कुठे आहे?" असं विचारलं की आठवायचं नाही. हे मी पुढेही वापरलं. लाइनीबद्दल थेट विचारण्यापेक्षा त्या वेळी आवार कसं होतं ते विचारावं. इथे झाड होतं, तिथे दगडांचा ढीग होता, भिंत अलीकडे होती, असं एकेक येत जातं आणि लाइनीची वाट त्यातून उलगडते. अण्णा म्हणाले, "इथे मोठं झाड होतं, ते पडलं. त्याच्या मुळांना धक्का नको म्हणून चर बाजूने घेतला होता." बिलातल्या जास्तीच्या मीटरांचा हिशोब तिथे लागला. आज तिथे झाड नाही, हिरवळ आहे, आणि हिरवळीखालून वळण घेणारी केबल आहे, असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

जुने फोटोही पाहिले. कुटुंबाच्या एका फोटोत मागे अर्धवट उघडा चर दिसत होता, त्यात काळा पाइप. चराचं अंतर खिडकीच्या कडेवरून अदमासता आलं. ज्यांच्याकडे जुने अल्बम आहेत त्यांनी ते जरूर चाळावेत, माणसांच्या मागे काय दिसतं ते बघण्यासाठी.

नंतर जमिनीवरच्या खुणा वाचल्या. नळ कुठे वर येतो, केबल भिंतीत कुठून शिरते, चेंबरची झाकणं कुठे आहेत. सांडपाण्याच्या चेंबरचं झाकण उघडून बाजूचे पाइप कुठल्या दिशेने आत येतात ते पाहिलं. उघड्या चेंबरवर कोणी एकटं वाकून बसू नये, आत उतरणं तर दूरच, त्यात विषारी वायू असतो. फरशीचा एक पट्टा बाकीच्यांहून थोडा खचलेला होता. खणून भरलेली माती पुढे वर्षानुवर्षं बसत जाते, म्हणून असे पट्टे जुन्या चराची जागा सांगतात. हिरवळीतही कधी कधी असा वेगळा पट्टा दिसतो.

आता विजेच्या पेटीकडे वळले. घरातले जुने वायरमन काका आता काम करत नाहीत, पण बोलावल्यावर आले. एकेक एमसीबी, म्हणजे पेटीतला सर्किट तोडणारा स्विच, खाली करून कुठला दिवा, कुठला प्लग बंद होतो ते लिहीत गेलो. पंपाचा सापडला, फाटकाच्या दिव्याचा सापडला. एक एमसीबी असा निघाला, की तो खाली केला तरी घरात काहीच बंद होईना. त्यावर नावही नव्हतं. काका थोडा वेळ पेटीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मागे शेड होती ना?"

शेड पाडून बरीच वर्षं झालीत. अण्णांना पक्कं आठवत होतं की वायर कापून टाकली होती. काका म्हणाले, "कापली असेल शेडच्या बाजूने. इकडून सोडवायची राहिली असेल." त्यांनी पेटी उघडून टेस्टरने तपासलं. त्या केबलमध्ये वीज होती. इतकी वर्षं जमिनीखाली कुठेतरी एक कापलेलं टोक चालू अवस्थेत पडून होतं. शेड जिथे होती, तिथेच आम्ही शोषखड्डा आखला होता.

घरातली लाइन बंद आहे, जुनी आहे, तिचा आता संबंध नाही, हे कुणीही कितीही खात्रीने सांगितलं तरी ते मानू नये. दुसरं टोक सुटलेलं आहे, हे पाहिल्यावर आणि वीज नाही, हे मोजल्यावरच ती बंद. काकांनी तो एमसीबी खाली करून, केबल पेटीतून पूर्ण सोडवून, पुन्हा मोजून दाखवलं. तरीही केबल नेमकी कुठून गेली होती आणि टोक कुठे होतं, हे अजून कळायचं होतं.

त्यासाठी लोकेटर, म्हणजे जमिनीखालच्या लाइनी शोधणारं यंत्र, चालवणारा तंत्रज्ञ बोलावला. मी त्याच्याबरोबर सगळा वेळ फिरले आणि त्याने प्रत्येक गोष्ट समजावून दिली, ते इथे थोडं सविस्तर सांगते, कारण यंत्र काय सांगतं आणि काय सांगत नाही हे घरमालकाला कळलं पाहिजे.

लोकेटर जमिनीच्या आत बघत नाही. धातूच्या तारेतून बदलता प्रवाह वाहत असेल तर तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते तो टिपतो. चालू विजेच्या केबलचं क्षेत्र काही वेळा आपोआप मिळतं. पण केबलवर भार नसेल, सगळे दिवे-पंप बंद असतील, तर ती यंत्राला दिसणार नाही. शिवाय एकाच केबलमधल्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या तारांची क्षेत्रं एकमेकांना बरीचशी खाऊन टाकतात. म्हणून 'यंत्र फिरवलं, काही वाजलं नाही' याचा अर्थ 'खाली काही नाही' असा होत नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे ट्रान्समीटरने लाइनीवर आपला स्वतःचा सिग्नल चढवायचा आणि रिसीव्हरने त्याचाच माग काढायचा. चालू केबलवर हे क्लॅम्प लावून करतात. सोडवलेल्या केबलला किंवा लोखंडी पाइपाला थेट जोडणी करता येते. ट्रान्समीटरची दुसरी वायर जमिनीत ठोकलेल्या गजाला, आणि तो गज लाइनीच्या वाटेपासून काटकोनात, दूर. तो लाइनीजवळ ठोकला किंवा मध्ये दुसरा पाइप आला तर सिग्नल भलत्याच लाइनीवर चढतो.

पंपाची केबल त्याने पंप चालू ठेवून क्लॅम्पने शोधली. हिरवळीवर आल्यावर रिसीव्हरचा आवाज सरळ रेषेत कमी होत गेला आणि बाजूला सरकल्यावर पुन्हा वाढला. अण्णांनी सांगितलेलं झाडाचं वळण तिथेच होतं.

शेडच्या केबलला त्याने थेट जोडणी केली. घराजवळ सिग्नल स्वच्छ होता. मागे जाऊ लागलो तसा तो विरत गेला. त्याने सांगितलं, की दुसरं टोक जमिनीला जोडलेलं नसेल तर टोकाकडे प्रवाह कमी कमी होत जातो. त्यामुळे केबल तिथे संपली, का खोल गेली, का नुसता सिग्नल संपला, हे सांगता येत नाही. त्याने फ्रिक्वेन्सी ८ किलोहर्ट्‌झवरून ३३ किलोहर्ट्‌झवर नेली. जास्त फ्रिक्वेन्सी अशा अडलेल्या लाइनीवरही थोडी पुढे जाते, पण ती शेजारच्या लाइनींवर सहज उडी मारते, म्हणून ती शेवटी वापरायची. माग थोडा पुढे गेला आणि आमच्या पांढऱ्या चौकोनाच्या आत थांबला. त्याने तिथे लाल ठिपका दिला आणि म्हणाला, "इथपर्यंत आहे हे मी सांगतो. इथे संपते असं मी म्हणत नाही." असं तोलून बोलणं मला फार आवडलं.

फाटकाजवळ वेगळाच प्रकार झाला. रिसीव्हरला दोन पद्धतींनी वाचता येतं. एकीत लाइनीच्या बरोबर वर आवाज सर्वांत मोठा, दुसरीत बरोबर वर शांतता. दोन्ही जागा एकच आल्या तर वाचन भरवशाचं. फाटकाजवळ त्या एकमेकींपासून चांगल्या हातभर अंतरावर येत होत्या. याचा अर्थ, शेजारून दुसरं काहीतरी धातूचं जातंय आणि ते क्षेत्राला ओढतंय. घरात कुणालाच तिथे दुसरं काही असल्याचं माहीत नव्हतं. तिथेही खूण करून ठेवली.

खोलीसुद्धा त्याने दोनदा पाहिली. एकदा यंत्राने दाखवलेली, आणि एकदा रिसीव्हर पंचेचाळीस अंशांत तिरका धरून. तसा धरून लाइनीपासून बाजूला सरकत जायचं. आवाज जिथे पडतो तिथपर्यंतचं जमिनीवरचं अंतर म्हणजे लाइनीची खोली. शिवाय यंत्र सांगतं ती खोली केबलच्या किंवा पाइपाच्या मध्यापर्यंतची असते. वरचा पृष्ठभाग त्याच्याही अलीकडे. मोठ्या पाइपाच्या बाबतीत हा फरक बराच होतो.

प्लास्टिकच्या पाइपांपुढे हे सगळं थांबतं. पीव्हीसीला सिग्नल चढत नाही. सांडपाण्याच्या पाइपात त्याने चेंबरमधून लवचीक दांडीच्या टोकाला 'सोंड' (इंग्रजीत sonde) नावाचा सिग्नल सोडणारा छोटा प्रक्षेपक बांधून आत सरकवला आणि वरून रिसीव्हरने तो कुठे आहे ते टिपत गेला. बागेच्या नळाचा पाइप बारीक, त्यात कोपरे. तिथे दांडी जाईना. म्हणून जीपीआर, म्हणजे जमिनीत रेडिओ लहरी सोडून त्यांचं परावर्तन बघणारं, ढकलगाडीवरचं यंत्र फिरवून पाहिलं. कोरड्या वाळूत ते छान चालतं आणि पाइप ओलांडला की पडद्यावर उलट्या वाटीसारखी कमान उमटते. आमची माती चिकण आणि ओली. अशा मातीत लहरी लवकर विरून जातात. पडदा धूसर राहिला. वाकवलेल्या तारा हातात धरून पाणी किंवा पाइप शोधणारेही असतात. नियंत्रित चाचण्यांत ती पद्धत नुसत्या अंदाजाहून सरस ठरलेली नाही, आणि चालू केबल असण्याची शक्यता असताना त्यावर कुणी हात टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

याच सुमारास एक गोष्ट वाचनात आली, तिने माझा सगळा गोंधळ मिटवला. अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स या संस्थेचं जमिनीखालच्या लाइनींच्या नोंदींबद्दलचं एक मानक आहे. २००२ सालचं, २०२२ मध्ये सुधारलेलं. त्यात माहितीच्या चार पायऱ्या आहेत. नुसत्या कागदावरून किंवा आठवणीवरून कळलेली माहिती डी दर्जाची. जमिनीवरच्या झाकण, नळ, खांब अशा खुणांशी पडताळलेली सी. यंत्राने शोधलेली बी. आणि प्रत्यक्ष खणून, उघडी पाडून, डोळ्यांनी बघून मोजलेली ए. मोठ्या रस्त्यांसाठी आणि पुलांसाठी केलेली ही विभागणी घरच्या आवाराला अगदी चपखल बसते. मी वहीत प्रत्येक लाइनीपुढे अक्षर लिहिलं. बिल आणि अण्णांची आठवण डीमध्ये, खचलेला पट्टा सीमध्ये, रंगीत ठिपके बीमध्ये. ए मात्र एकालाही नव्हतं.

म्हणून पुढचा टप्पा हाताने खणायचा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत खुणेच्या दोन्ही बाजूंना १८ ते २४ इंचांच्या पट्ट्यात मशिन चालवायला मनाई असते. आम्ही दोन्ही बाजूंना ६० सेंटीमीटर धरले. दादांच्या माणसांना सांगितलं, की या पट्ट्यात पहार आणि टिकाव आणायचाच नाही. लाकडी दांड्याचं, बोथट कडेचं फावडं आणि शेवटी खुरपं. खुणेच्या बरोबर वर खणायचं नाही; बाजूला उतरायचं आणि आडव्या अंगाने माती खरवडत लाइनीकडे यायचं. वरून मारलेला घाव केबलवर पूर्ण जोराने बसतो, आडवं खरवडताना हाताला आधी वेगळा स्पर्श लागतो. माती सैल लागली, वाळू लागली, विटेचा तुकडा आला की थांबायचं. कुठल्याही चांगल्या वायरमनने केबलखाली-वर वाळू घातलेली असते.

पंपाची केबल यंत्राने ५५ सेंटीमीटर सांगितली होती, ती ५० वर लागली. हिरवळीच्या उतारावर मात्र तीच केबल जेमतेम २५ सेंटीमीटरवर होती. केबल टाकल्यावर पुढे कधीतरी तिथली माती काढून उतार केला होता. केबल जिथल्या तिथे राहिली, जमीन खाली आली. एका ठिकाणी मोजलेली खोली दुसऱ्या ठिकाणी लावू नये, ते यासाठी.

बागेच्या नळाचा पाइप कुठल्याच यंत्राने सापडला नव्हता, तेव्हा त्याच्या संभाव्य वाटेला आडवा, अरुंद चर हातानेच घेतला. कंटाळवाणं काम होतं. पण मोठ्या काळजीने केलं आणि निळसर पाइपाची कड दिसली तेव्हा सगळ्यांनीच सुटकेचा श्वास सोडला. तो दोन ठिकाणी उघडा केला, म्हणजे दिशा पक्की झाली.

शेडची केबल लाल ठिपक्याच्या पुढे आणखी मीटरभर गेलेली निघाली. टोकाला काळ्या टेपची गुंडाळी, तीही सुटत आलेली, तांबं हिरवं पडलेलं. तंत्रज्ञ 'इथे संपते असं मी म्हणत नाही' म्हणाला होता, त्याचा अर्थ समोर होता. ठिपक्यापलीकडे मोकळं आहे असं धरून मशिन लावलं असतं, आणि पेटीतून केबल सोडवलेली नसती, तर त्या टोकावर मशिनचा दात बसला असता. आम्ही ती केबल उपसून काढली. जेवढी भिंतीखाली अडकून राहिली, तिची दोन्ही टोकं बंद करून वहीत नोंदली.

फाटकाजवळच्या त्या दुहेरी वाचनाखाली दिव्याच्या केबलला लागून एक गंजलेला लोखंडी पाइप निघाला. पाणी नव्हतं, मीटरशी जोड नव्हता. अण्णांनी बराच वेळ आठवून पाहिलं. त्यांच्याही आधीचा असावा, असं ते म्हणाले. लोखंडी पाइप काय वाहत होता हे नक्की कळेपर्यंत त्याला करवत लावायची नाही, असं ठरवलं आणि तो तसाच ठेवला.

खड्ड्याची जागा शेवटी बदलली. पहिल्या जागेपेक्षा घराच्या पायापासून आणखी दूर, जिथे हातच्या आडव्या चरांत काहीच लागलं नव्हतं अशा कोपऱ्यात ती सरकवली. चराचा मार्ग पंपाच्या केबलला एकदाच आणि काटकोनात ओलांडेल असा घेतला. लाइनीला समांतर, चिकटून जाणारा चर नंतरच्या दुरुस्तीत फार त्रास देतो. मग दादांनी मशिन आणलं. एक माणूस मशिनवर आणि एक खाली, नुसतं बघायला. खालच्याने हात वर केला की मशिन थांबणार, हे आधीच ठरलेलं. मोकळ्या जागेतलं काम भराभर झालं.

बुजवताना मी जास्त आग्रही होते. उघड्या पाडलेल्या केबलखाली पोकळी राहू द्यायची नाही, नाहीतर वरच्या मातीच्या वजनाने ती वाकते. आधी बारीक वाळू, हाताने दाबून; मग चाळलेली माती; केबलच्या साधारण ३० सेंटीमीटर वर धोक्याची रंगीत पट्टी, म्हणजे पुढे खणणाऱ्याला केबलच्या आधी पट्टी लागेल. उतारावर २५ सेंटीमीटरवरच्या तुकड्यात पट्टीला जागाच नव्हती, तिथे केबल वायरमनकडून खाली घेऊन संरक्षक पाइपात घातली. नव्या पीव्हीसी पाइपाच्या बरोबरीने एक तांब्याची इन्सुलेशन असलेली तार टाकली आणि तिची दोन्ही टोकं वर, झाकणाखाली आणून ठेवली. उद्या कुणाला हा पाइप शोधायचा झाला तर ट्रान्समीटर त्या तारेला जोडता येईल. तारेचा खर्च नगण्य, आणि जो बागेचा नळ आम्हाला इतका वेळ सापडला नाही, तसं या पाइपाचं होणार नाही.

चर उघडे असतानाच मापं घेतली. प्रत्येक वळणाची जागा घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून टेपने मोजली. कुंपण, झाड किंवा पायवाट यांपासून नाही, ती बदलतात. खोली जमिनीपासून न मोजता जोत्याच्या पातळीपासून मोजली, कारण जमीन किती खाली-वर होते ते उतारावर पाहिलंच होतं. टेप आणि घराचा कोपरा एकाच चौकटीत येईल असे फोटो काढले. आराखड्यावर जिथे लाइन डोळ्यांनी पाहिली तिथे सलग रेघ आणि ए. दोन उघड्या जागांमधला भाग यंत्रावरून जोडला तिथे तुटक रेघ आणि बी. तारीख घातली. एक प्रत विजेच्या पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली, एक घराच्या कागदांत ठेवली, एक वायरमन काकांनी मागून नेली. पेटीतल्या प्रत्येक एमसीबीवर नाव लिहिलं.

लोखंडी पाइप आराखड्यावर ठिपक्यांच्या रेघेने कुंपणापर्यंत जातो आणि त्यापुढे लिहिलेलं आहे: 'शेजारच्या आवारात जातो. कशाचा ते तपासलेलं नाही. कापू नये.' शेजारच्या काकूंना पावसाळ्यानंतर त्याच बाजूला भिंतीचा पाया घ्यायचा आहे. त्यांना मी आराखड्याची प्रत, तंत्रज्ञाचा नंबर आणि त्यांच्या पेटीतल्या एमसीबींची यादी करायला माझी मदत, हे तिन्ही देऊ केलं आहे. यादी आम्ही या आठवड्यात सुरू करतो आहोत.